पान एकशे अठ्ठेचाळीस, ओळ नववी

एली राबोतो मेला होता, आणि हे त्याला कळलं ते दोरीवर वाळत घातलेले छापील कागद उतरवताना. पान एकशे अठ्ठेचाळीस, ओळ नववी: ‘एली राबोतो, दिएपचा, पळून जाताना समुद्रात बुडून मृत.’

चूक पुस्तक लिहिणाऱ्या पाद्र्याची, पण ती सुटली एलीच्याच नजरेतून. ॲमस्टरडॅमच्या त्या छापखान्यात तो एकोणीस वर्षं मुद्रितं तपासत होता. डोळे इतके शिणले होते की त्याला अक्षरं दिसत, मजकूर दिसत नसे. स्वतःचं नाव आलं, अक्षरं जागच्या जागी आहेत एवढं त्याने बघितलं आणि पुढे गेला. स्वतःचं मरण तपासून बरोबर ठरवणारा दुसरा कुणी असेल तर दाखवा.

पुस्तक होतं धर्मापायी फ्रान्स सोडलेल्यांचं: कोण पोचलं, कोण वाटेत गेलं. ते चोरून फ्रान्समध्ये जाणार आणि मागे राहिलेले त्यात आपल्या माणसांची नावं शोधणार. एलीची मुलगी ज्युदित दिएपलाच मावशीकडे राहिली होती. तेव्हा ती नऊ वर्षांची होती, त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. त्याचं एकही पत्र तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. आता बापाची पहिली खबर पोचणार ती ही.

तो छापखान्याच्या मालकीणबाईंकडे गेला. हिलेगोंडाबाई नवऱ्यामागे सगळा कारभार एकट्या ओढत होत्या आणि त्याही थकलेल्याच होत्या.

“बाई, एक पान परत छापावं लागेल.”

“कशाला?”

“मी मेलोय त्यात.”

बाईंनी कागद वाचला. “तपासलं कुणी होतं?”

“मीच.”

“मग मी काय बोलू? त्या पानाचे अक्षरांचे खिळे सोडून झाले, पुढच्या पानांना लागलेसुद्धा. कागद संपलाय आणि गुरुवारी बोट सुटतेय. शुद्धिपत्रात टाका.”

“शुद्धिपत्र कोण वाचतं, बाई?”

“कुणी नाही. म्हणून तर ते तुमच्यावर सोडते.”

जिना उतरताना एली मध्येच थांबला. कुणी नाही कसं? त्याच्या घरात रीतच होती: नवं पुस्तक आलं की आधी मागचं शुद्धिपत्र उघडायचं, एकेक चूक लेखणीने सुधारायची, मगच पहिलं पान. ते काम ज्युदितचं. बोटं शाईने काळी करून घ्यायची आणि वर बापालाच दरडावायची, “बाबा, थांबा. अजून खोटं आहे ते.” इतकी वर्षं त्याने हे आठवायचं टाळलं होतं. तो पायरीवर बसला आणि रडला.

मग त्याने ओळ लिहून खिळे जुळवणाऱ्या वाउटरला दिली, ज्युदितचंही सांगितलं. ओळ अशी: ‘बुडून मृत याऐवजी हयात, ॲमस्टरडॅममध्ये असे वाचावे.’

“हयात?” वाउटर म्हणाला. “नीट बघून सांगताय ना, आजोबा? तुमच्या तोंडाकडे बघितलं तर पाद्रीच बरोबर वाटतो.”

“जुळव गप.”

“आणि ॲमस्टरडॅममध्ये म्हणजे कुठे? पोरीने काय दारोदार विचारत फिरायचं?”

“शुद्धिपत्रात पत्ता देत नाहीत.”

दुपारी मुद्रित आलं. ओळ होती, आणि तिच्या पुढे: ‘रोझेनग्राख्त कालव्यावर, दोरवाल्याच्या दुकानावरची मागची खोली.’ जागा करायला वाउटरने दुसरी एक चूक खुशाल गाळली होती.

हस्तलिखितात नाही असा शब्द दिसला की काट मारायची, हे एलीचं काम. एकोणीस वर्षांत त्याने कुणाला साधा स्वल्पविराम माफ केला नव्हता. त्याने लेखणी शाईत बुडवली. ओळ वाचली, या वेळी मजकूर वाचला. मग काही न खोडता खाली सही केली.

घरी जाताना तो दोरवाल्याच्या दुकानात डोकावला.

“फ्रेंच बोलणारी कुणी बाई विचारत आली, तर तिला मागचा जिना दाखव. चटकन सापडत नाही तो.”

“कधी यायची आहे?”

“ते नाही सांगता येत,” एली म्हणाला. “पण दाखव.”