इंजिनबाबांची पांढरी भुकटी

गॅरेजच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध टॅक्सी, बॉनेट उघडं, आणि आतून असा चिरका आवाज, की कुणी मांजराची शेपटी धरून ठेवली असावी. इंजिनबाबांनी डोळे मिटले, उघड्या पट्ट्यावर पांढरी भुकटी फुंकली आणि गरजले, "मौन धर, मौन धर, लोखंडाच्या लेकरा!"

आवाज बंद!

गर्दीने हात जोडले. टॅक्सीवाल्याने तर पायांवर लोटांगणच घातलं.

"आत एका ड्रायव्हरचा अतृप्त आत्मा आहे," बाबा म्हणाले. "दर आठवड्याला मौन द्यावं लागेल."

आत्म्यालाही सर्व्हिसिंग लागतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"अरे, त्या पट्ट्याचे, म्हणजे टायमिंग बेल्टचे, गियर झिजलेत," गॅरेजवाला म्हणाला. "बदल म्हणून केव्हाचा सांगतोय."

"तुला आवाज बंद करता आला का?" टॅक्सीवाला फणकारला. "बाबांनी केला!"

सगळे हसले. टॅक्सीवाल्याची बायको हसली नाही. तिला नववा महिना होता, आणि कळा आल्या की याच टॅक्सीने घाट उतरून दवाखाना गाठायचा होता. शिवणकाम करणारी बाई. तिने बंपरवर सांडलेली भुकटी बोटांत चोळली.

"अहो, ही तर शंखजिऱ्याची पूड. कॅरमवर टाकतात ती! माझ्या मशीनचा पट्टा कुरकुरला की मी खडू घासते, तसलाच प्रकार."

तेवढ्यात पूड उडून गेली आणि मांजर पुन्हा बोंबललं. बाबांचा हात झोळीत गेला.

"थांबा," ती म्हणाली. "आधी नुसता मंत्र म्हणा."

बाबांनी मंत्र म्हटला. मग मोठ्याने म्हटला. मग घसा बसेपर्यंत म्हटला. इंजिनाने दखल घेतली नाही.

तिने झोळीतली मूठभर पूड घेऊन पट्ट्यावर फुंकली. "गप्प बस, मेल्या! कान किटले!"

शांतता.

"शिवी माझी, पूड यांची," ती म्हणाली. "सांगा आता, आत्मा कशाला घाबरला?"

गॅरेजवाल्याने इंजिन बंद करून गियर काढले. दात झिजून टोकदार झाले होते, बेल्टला भेगा पडल्या होत्या. "रबर या दातांवर घासतं म्हणून ओरडतं. पूड मध्ये गेली की घडीभर गप्प. पण दात झिजलेलेच राहतात. उतारावर बेल्ट सरकला असता, तर इंजिन तिथेच गेलं असतं."

"हाच तो!" बाबा ओरडले. "आत्मा दातांत लपला होता! माझ्या शब्दाने बाहेर आला!"

निम्म्या गर्दीने माना डोलावल्या.

"बाहेर आला ना? मग हेच गियर परत बसवू आणि घाट उतरू," ती म्हणाली. "तुम्ही पुढे बसा."

बाबांना अचानक आठवलं, की आज त्यांचं वाहनत्यागाचं व्रत आहे. व्रत फारच कडक असावं, कारण त्यांनी ते पळत पळत पाळलं.

टॅक्सीवाल्याने हातातल्या गियरकडे पाहिलं, मग बायकोकडे. "बदल रे बाबा," तो गॅरेजवाल्याला म्हणाला. "बेल्टसुद्धा नवा घाल."

त्याच आठवड्यात तिला कळा आल्या. टॅक्सी घाट नीट उतरली. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

बाबा पलीकडच्या गावात एका जीपचं भूत काढतायत, असं ऐकतो. म्हणून सांगतो: यंत्र ओरडतं ते काही बिघडलंय म्हणून. त्याचं तोंड दाबणाऱ्याच्या पाया पडू नका. झाकण उघडा, दात बघा, झिजलेलं बदला. एवढं करूनही कुणी चमत्काराची खात्री देत असेल, तर वाद घालू नका. त्याला पुढच्या सीटवर बसवा आणि गाडी उताराला लावा.