उंबऱ्याशी दोन फुगवटे

मेलेलं माणूस आपलं घर सहजासहजी सोडत नाही, असं जाणती माणसं गंभीर चेहऱ्यानं सांगतात. दिग्रसच्या कोकिळाबाईंना हे मान्य होतं. त्यांची तक्रार एवढीच, की सासूबाईंनी परत यायला नेमकी बुचाची फरशी निवडली, आणि तीही गॅरंटीच्या मुदतीत.

फरशी पुण्याहून आली होती. कोकिळाबाईंचे गुडघे गेले होते. डॉक्टर म्हणाले, कडक शहाबादीवर उभं राहणं बंद करा. मग स्वयंपाक कसा करायचा, हे ते बोलले नाहीत. त्यांच्या घरी तो दुसरंच कोणी करत असावं. पुण्याच्या लेकीनं, सुरभीनं, मोबाईलवर शोधून कॉर्कच्या चौकोनी फरश्या पाठवल्या. जुन्या शहाबादीवर थेट गोंदानं चिकटवायच्या, पायाला मऊ.

सदाशिवरावांनी खोका उघडून वास घेतला. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर आयुष्य गेलेला माणूस. हातात घेतल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे, आणि घेतल्यावरही बसेलच असं नव्हतं.

"हे त बाटलीचं बूच आहे," ते म्हणाले. "घरभर बूच लावते का कोणी?"

"मी लावतो," कोकिळाबाई म्हणाल्या.

या घरात त्या सून म्हणून आल्या तेव्हापासून चहाची गाळणीसुद्धा सासूबाईंच्या पसंतीची होती. सासूबाई जाऊन दोन वर्षं होत आली, तरी गाळणी तीच होती. फरशी ही कोकिळाबाईंनी स्वतः ठरवलेली पहिली वस्तू.

काम मागच्या गल्लीतल्या अय्यूबभाईंना दिलं. अर्ध्या दिग्रसच्या टाइल्स त्यांच्या हातच्या. बुचाचं काम त्यांनी आदल्या दिवशी व्हिडिओत पाहिलं होतं. व्हिडिओतला माणूस रशियन बोलत होता, पण हातवारे समजले, असं ते म्हणाले. त्यांनी शहाबादी पाण्यानं धुतली, पंख्याखाली वाळवली, दातेरी पत्र्यानं गोंद पसरला आणि एकेक चौकोन ठोकून बसवला. संध्याकाळी कोकिळाबाई अनवाणी घरभर चालल्या. गुडघे काही बोलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी त्या मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात आल्या, ओट्याशी उभ्या राहिल्या आणि वरणाला फोडणी दिली. तेवढ्यात मागं आवाज झाला.

चट.

थोड्या वेळानं पुन्हा, जरा जवळून. चट. मग आणखी जवळून. मधल्या खोलीत सासूबाईंचा पलंग असायचा, त्या जागेपासून कोणीतरी ओल्या पायांनी सावकाश चालत येत होतं. आवाज स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आला आणि थांबला. सासूबाई अशाच यायच्या, तिथंच थांबायच्या आणि काही न बोलता पाठीकडं बघत राहायच्या. कोकिळाबाईंनी मागं पाहिलं नाही. फक्त सवयीनं पदर सारखा केला आणि मीठ चिमूटभर कमी टाकलं.

मग खिडकीतून तिरपं ऊन आलं तेव्हा ते दिसलं. पलंगाच्या जागेपासून उंबऱ्यापर्यंत बूच जागोजागी फुगलं होतं. उजवा, डावा, उजवा, डावा. उंबऱ्याशी दोन फुगवटे शेजारी शेजारी, जरा मोठे. त्या वाटेनं कोणीही गेलं की फुगवटे पायाखाली दबत, आणि माणूस पुढं गेल्यावर त्याच क्रमानं एकेक करून सुटत. म्हणजे चालणाऱ्याच्या मागून कोणीतरी चालत येई.

"माय आहे," सदाशिवराव म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, समाधान होतं. "तिले हे बूच पसंत नाही."

माय जिवंत असताना सदाशिवराव तिच्याशी औषधाच्या वेळा सोडून फारसं बोलत नसत. आता जेवण झालं की ते त्या वाटेनं एकदा चालत, खुर्चीत बसत आणि पावलं येण्याची वाट पाहत. पावलं आली की सांगत, "माय, सुरभीले बढती भेटली." मायनं हयातीत दिलं नसतं इतकं शांत लक्ष ती आता देत होती.

अय्यूबभाईंना परत बोलावलं. त्यांनी फुगलेले चौकोन काढले, खालचे काळे डाग पाहून ओल आली म्हणाले, दुप्पट गोंद लावला आणि वर तुरीची पोती ठेवली. पोती होती तोवर घर गप्प होतं. पोती उचलली आणि चौथ्या दिवशी मागून चट.

"भाभी, ओल म्हणावं त खाली ठणठणीत कोरडं आहे," अय्यूबभाई डोकं खाजवत म्हणाले. "आता दोनच इलाज राह्यले. एक म्हणजे त्या रशियनले फोन लावणं."

"अन् दुसरा?"

"दर्ग्यावर चादर."

सदाशिवरावांना दुसरा इलाज जास्त व्यवहारी वाटला. पण त्यांचा तिसरा ठरला होता. "उद्या सगळं बूच काढून टाका अय्यूबभाई. होती तशी शहाबादी मोकळी करा. घर तिचं आहे."

"मंग माहं काय आहे?" कोकिळाबाईंनी विचारलं.

सदाशिवरावांनी थोडा विचार केला आणि ते अय्यूबभाईंपाठोपाठ स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं पेपर आणायला स्टँडवर गेले. त्यांच्या मागून, त्यांच्याच वाटेनं, पावलं उंबऱ्यापर्यंत आली आणि कोकिळाबाईंसमोर थांबली. या वेळी त्या पाहत होत्या. दोन फुगवटे हळूच वर आले. अंगठ्याच्या बाजूला जरा जास्त, जसं पुढं वाकून कोणी भांड्यात डोकावावं.

त्या गुडघ्यांवर बसल्या. दुखलं. उलथनं घातलं आणि उंबऱ्यापाशी बसवलेला चौकोन उचकटला. गोंद शहाबादीला धरलाच नव्हता. बुचाच्या पाठीला त्याच्या गोळ्या झाल्या होत्या. खाली दगडावर काळसर दोन पावलं होती, बोटांसकट. कोकिळाबाईंनी एका पावलावर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

एरंडेल.

रोज दुपारी त्या सासूबाईंचे तळपाय काशाच्या वाटीनं एरंडेल लावून चोळत. अंगातली उष्णता उतरून तेल काळं होई. सासूबाई ते पुसू द्यायच्या नाहीत. पुसलं की गुण जातो म्हणायच्या. तशाच तेलकट पायांनी उठायच्या आणि सून काय करते ते बघायला उंबऱ्याशी येऊन उभ्या राहायच्या. दगडानं ते वर्षानुवर्षं पिऊन घेतलं होतं. पावलं सासूबाईंची होती. तेल कोकिळाबाईंच्या हातचं होतं.

सदाशिवराव आले तेव्हा पाण्यात धुण्याचा सोडा उकळत होता.

"माय नाही," कोकिळाबाई म्हणाल्या.

"मंग?"

"एरंडेल आहे."

त्यांनी वाकून पाहिलं, वास घेतला. बराच वेळ घेतला. मग खुर्चीत बसले.

"सोड्यानं निघंल हे?"

"घासलं त निघंल."

"मंग आवाज येनार नाही."

"नाही येनार."

सदाशिवरावांनी चष्मा काढला आणि सदऱ्यानं पुसला. "दुपारी बोलाले बरं वाटे," ते म्हणाले.

कोकिळाबाईंनी सोडा ओतला, ब्रश फिरवला. काळं पाणी निघालं. फडक्यानं टिपलं. खाली पाऊल तेच होतं, थोडं फिकट. पुन्हा ओतलं, पुन्हा घासलं. पाऊल आणखी फिकट झालं, पण अंगठा अंगठाच राहिला. हा अंगठा त्यांनी इतक्या दुपारी हातात धरला होता की स्वतःच्या अंगठ्याआधी तो ओळखू आला असता. त्यांनी ब्रश बादलीत टाकला.

"हा पट्टा तुमच्या मायचा," त्या म्हणाल्या. "तेवढ्यावर बूच लावायचं नाही. बाकीचं निघनार नाही. बाकी घर माहं."

सदाशिवरावांनी पलंगाच्या जागेपासून उंबऱ्यापर्यंत नजर फिरवली.

"चालंल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अय्यूबभाईंनी तेवढा पट्टा कापून काढला. शहाबादी उघडी पडली, आवाज बंद झाला. दुपारी कोकिळाबाई ओट्याशी उभ्या होत्या. मागं काहीच वाजलं नाही, तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. उंबऱ्याशी सदाशिवराव उभे होते. काही न बोलता.

बूच आणि शहाबादी यांच्यात खळगा पडून ठेच लागायला लागली, म्हणून त्या पट्ट्यावर आता आठवडी बाजारातली प्लास्टिकची चटई आहे. ती सरकते.