साहेबरावांचा दोर

दौलताबादकडच्या डोंगरातले झरे आटले, तशी वानरं छावणीपलीकडच्या कॉलनीत उतरली. शहर डोंगराकडं सरकतच होतं. वानरांनी अर्ध्या वाटेवर येऊन भेट घेतली, एवढंच.

वानरांचा मुक्काम रस्त्यापलीकडच्या वडावर आणि पाण्याचा टब अलीकडं, दमयंतीबाईंच्या गच्चीवर. पूर्वी दोन्हीकडच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या असत. रस्ता रुंद झाला, अलीकडची झाडं गेली आणि पाण्यासाठी डांबरावर उतरणं आलं. वानराला फांदीचं सगळं कळतं, डंपरचं कळत नाही. आषाढात एक पिल्लू चिरडलं. त्याची आई ते छातीशी धरून कितीतरी दिवस हिंडत होती. दमयंतीबाईंना टब उचलवेना आणि ठेववेना.

गोकुळाष्टमी झाली आणि मंडळानं त्यांच्या गच्चीच्या खांबापासून वडापर्यंत दोर ताणून हंडी बांधली. दुष्काळामुळं पाणी उडवायचं नाही, असं ठरलं होतं. भाषणांवर बंदी नव्हती. हंडी फुटली. ती कुणाच्या थरानं फोडली, यावरून मंडळही फुटलं आणि दोर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी पोटाशी पिल्लू घेतलेल्या एका मादीनं दोर हातानं ओढून पाहिला आणि ती शेपटीनं तोल सावरत सरळ गच्चीवर आली. मागून सगळं खानदान.

आठवड्यानं मंडळाचे अध्यक्ष साहेबराव शिडी घेऊन हजर.

"काकू, दोर सोडतो."

"राहू द्या ना. वानरं येतात त्यावरून."

"लई दया तुमची! वानरं काय मत देणार हायत का मला?"

दमयंतीबाईंनी दोराकडं निरखून पाहिलं. "तसं नाही हो. मला वाटलं, इथं तुमचा फ्लेक्स लागणार. एवढी मोक्याची जागा तुमच्या विरोधकांना सुचली म्हणजे?"

साहेबरावांनी शिडी चढायलाच वापरली, पण फ्लेक्स लावायला.

पुढं अतिक्रमण हटवणारे आले. त्यांनी मान वर केली, हात जोडलेले साहेबराव पाहिले आणि शेजारची भाजीची गाडी उचलून नेली. वर पिल्लं साहेबरावांच्या डोक्यावरून पाण्याला जात होती.

दिवाळीत साहेबराव फराळाला आले. "काकू, पब्लिक बघतं का वर?"

"गाड्या हळू करून बघतं."

"मंग पुढच्या चौकातबी टाकू का एक?"

"टाका. पण दोन्हीकडून झाडालाच बांधा हं," दमयंतीबाई चकली पुढं करत म्हणाल्या. "खांबावर तुमचा चेहरा खुलत नाही."