रस्त्यापलीकडची टिकटिक

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारी माणसे आधी हसतात. एका आडव्या दांडीवर तीन उभ्या कांड्या, खाली सायकलच्या हँडलसारखी रबरी मूठ आणि शेपटीसारखी लोंबणारी काळी वायर. "टॉवेल वाळत घालायला बरं आहे," असे एक पाहुणे माझ्यासमोरच म्हणाले होते. मला राग आला नाही. माझ्याकडे पाहून माझे काम कळतच नाही. ते ऐकावे लागते. मी एक जुना अँटेना आहे आणि माझे सारे आयुष्य कासवांची चाहूल घेण्यात गेले.

माझा जन्म रेडिओ दुरुस्तीच्या एका चिंचोळ्या दुकानात झाला. दुकान ताईच्या मामाचे. ताई म्हणजे प्राण्यांचा अभ्यास करणारी संशोधक. प्राणी कुठे राहतात, काय खातात, कुणावाचून त्यांचे अडते आणि त्यांच्यावाचून कुणाचे अडते, हे शोधणे हेच तिचे काम.

"मामा, मला कासवांच्या पाठीवर छोटे ट्रान्समीटर चिकटवायचेत. त्यांचा आवाज पकडणारं काहीतरी बनवून दे," ती म्हणाली.

मामाने चष्मा कपाळावर चढवला. "कासवं काय गाणी लावणार आहेत का गं?"

"गाणी नाही रे, नुसतं टिक टिक. पण प्रत्येकाचं स्टेशन वेगळं."

"मग निवेदन कोण करणार?" असे म्हणून मामा स्वतःच खो-खो हसला. पण कामाला बसला तेव्हा त्याचे हसू पळाले. अॅल्युमिनियमच्या नळ्या तो पुन्हा पुन्हा मापून कापत होता. कांड्यांची लांबी चुकली तर मी बहिरा निपजणार होतो. अखेर त्याने मला रिसीव्हरच्या डब्याला जोडले. दुकानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या ट्रान्समीटरकडे माझे तोंड वळताच डब्यातून खणखणीत आवाज आला. टिक. टिक. टिक. मामाने मला ताईच्या हातात दिले आणि म्हणाला, "घे, कान दिलाय तुला. आता ऐकायचं काम तुझं."

आमचे तळे गावाच्या कडेला होते. एका बाजूला घरे, दुसऱ्या बाजूला मोठा रस्ता आणि रस्त्यापलीकडे बंद पडलेली वीटभट्टी. तळ्यात कासवे भरपूर होती. दुपारी लाकडाच्या ओंडक्यांवर ती ओळीने ऊन खात बसत. लोक कौतुकाने पाहत आणि म्हणत, "बघा, किती मजेत आहेत!" ताईला मात्र एक गोष्ट खुपत होती. ओंडक्यांवर दिसायची ती सगळी मोठी, जून पाठीची कासवे. पिल्लू एकही नाही. कासव फार वर्षे जगते. त्यामुळे एखाद्या तळ्यात पिल्ले होणे थांबले, तरी कितीतरी वर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हातारी मंडळी ऊन खात असतात आणि घर मात्र आतून रिकामे होत असते.

ताईने काही माद्या अलगद पकडल्या, त्यांच्या कवचाच्या मागच्या कडेला सुपारीएवढे ट्रान्समीटर चिकटवले आणि त्यांना पुन्हा पाण्यात सोडले. मग सुरू झाली आमची पायपीट. ती मला डोक्यावर उंच धरून हळूहळू फिरवायची. माझे तोंड कासवाच्या दिशेला आले की आवाज वाढायचा, हलले की विरायचा. गुडघाभर चिखलात उभे राहून, घाम डोळ्यांत उतरत असताना, ती इतकी मन लावून ऐकायची की बगळेसुद्धा तिला झाड समजत. घरी तिचे सासरे चेष्टा करायचे. "आमच्या सूनबाईंना कासवांची संगत लागलीय. सकाळी सांगितलेला चहा संध्याकाळी येतो." पण उन्हाची टोपी तिच्या पिशवीत रोज तेच आठवणीने ठेवत.

माद्यांमध्ये सर्वांत मोठी होती तिला ताई थोरली म्हणे. एके दिवशी थोरलीचा आवाज बंद झाला. तळ्याला पूर्ण फेरी मारली, काहीच नाही. होडीतला मासेमार म्हणाला, "ताई, जाऊ द्या. नेली असेल कुणीतरी." ताईचा चेहरा उतरला. तिने जड मनाने माझी वायर गुंडाळायला घेतली आणि त्या गडबडीत माझे तोंड तळ्याकडून रस्त्याकडे वळले.

टिक.

इतका बारीक आवाज की आधी ताईला आणि मलाही भास वाटला. ताईने मला तसेच धरले आणि रस्ता ओलांडला. आवाज वाढला. वीटभट्टीच्या मागे पोचलो तेव्हा तो डब्यात मावेना. तिथे, तांबड्या भुसभुशीत मातीत, थोरली मागच्या पायांनी खड्डा करत होती. एक पाय माती उचलायचा, दुसरा वाट पाहायचा. ताई सरळ धुळीत पालथी पडली आणि श्वास रोखून पाहत राहिली. थोरलीने अंडी घातली, माती लोटली, पोटाने ती चोपून सारखी केली आणि मागे वळूनही न पाहता तळ्याची वाट धरली. ताईचे डोळे भरून आले होते. धुळीने, असे तिने नंतर घरी सांगितले.

त्या हंगामात आणखी कितीतरी माद्या आम्हाला तिथे सापडल्या. काही रस्त्यावर सापडल्या, चाकाखाली आलेल्या. पिल्ले का दिसत नाहीत, याचे उत्तर तिथेच होते; अंड्यांतून निघून तळ्याकडे येणारी पिल्लेही याच रस्त्यावर संपत असणार. कासवे पाण्यात राहतात हे सगळ्यांना माहीत होते. त्यांचा पाळणा कोरड्या जमिनीत, रस्त्यापलीकडे हलतो, हे कोणाच्या गावीही नव्हते.

आणि नेमके तेव्हाच तळ्याकाठी विटांचे ढीग पडले. तळ्याभोवती भिंत बांधायचे ठरले होते आणि रस्त्याच्या बाजूने काम सुरूही झाले होते. ताई मला घेऊन ते काम पाहणाऱ्या इंजिनिअरसाहेबांच्या कार्यालयात धावली. साहेब माणूस म्हणून भला होता.

"मॅडम, भिंत कासवांसाठीच तर आहे! कुत्री येणार नाहीत, कचरा पडणार नाही."

"साहेब, त्यांना अंडी घालायला बाहेर जावं लागतं."

"मग आत वाळूचा ढीग टाकून देतो."

"पिढ्यान्‌पिढ्या त्या एकाच जागी जातात. पत्ता बदललाय हे त्यांना कोण सांगणार?"

माद्या सापडल्या त्या जागी ठिपके दिलेला तिचा नकाशा साहेबाने बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "हे सगळे ठिपके आहेत, मॅडम. ठिपक्यांसाठी काम थांबवलं, असं मी वर कसं सांगू?"

ताईने मला उचलून त्याच्यापुढे धरले. "मग उद्या माझ्याबरोबर चला. हा तुम्ही धरायचा. मी काही बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब चकचकीत बूट घालून आला. त्याने मला असे धरले होते, जणू मी चावणार होतो. पण पहिली टिकटिक ऐकू आली आणि त्याची मूठ घट्ट झाली. आवाजामागे तो चालू लागला, पाणथळ गवतातून, बूट विसरून. आवाज आम्हाला नव्या भिंतीपाशी घेऊन गेला. रस्त्याच्या बाजूची भिंत कमरेइतकी चढली होती आणि तिच्या पायथ्याशी एक मादी चालत होती. टोकापर्यंत जायची, वळायची, पुन्हा या टोकाला यायची. मध्येच पुढचे पाय विटांवर टेकवून उभी राहायची आणि घसरायची. तिची नखे झिजली होती. मातीत तिच्याच पावलांची वाट पडली होती.

साहेब उकिडवा बसला.

"ही दार शोधतेय," तो म्हणाला. मग उठून त्याने गवंड्याला हाक मारली. "इथली भिंत उतरवा."

"साहेब, आठवडाभर खपून चढवलीय!"

"माहीत आहे. उतरवा."

वाट मोकळी झाली. मादी थबकली, मान बाहेर काढली आणि निघाली. पुढे रस्ता होता. साहेब मला हातात घेऊनच रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. एका ट्रकवाल्याने खिडकीतून डोके काढले. "काय हो, मंत्री येताहेत का?"

"मंत्री नाही," साहेब म्हणाला. "एक बाई बाळंतपणाला निघाल्यात."

ट्रकवाल्याने इंजिन बंद केले. मागचे हॉर्नही हळूहळू थांबले.

सगळे एका दिवसात सुरळीत झाले असे समजू नका. साहेबाला वरच्यांची बोलणी खावी लागली. ताई बैठकांना जाऊन तेच तेच न कंटाळता सांगत राहिली. अखेर रस्त्याची बाजू मोकळी राहिली, रस्त्याखालून रुंद मोरी काढली गेली आणि भट्टीमागची जमीन तशीच सोडली गेली. तरी पहिल्या हंगामात एकही मादी मोरीत शिरली नाही! लोक हसले. ताईने मोरीच्या तोंडाशी हात टेकवून पाहिला तेव्हा तिथले काँक्रीट उन्हाने तापलेले होते. तिने आणि साहेबाने त्यावर तळ्याचीच माती पसरली. पुढच्या हंगामात थोरली सर्वांच्या आधी त्यातून गेली.

आणि मग एका सकाळी मोरीतून नाण्याएवढी पिल्ले तुरूतुरू तळ्याकडे आली. होडीतल्या मासेमाराने वल्हे खाली ठेवले. "जन्म गेला इथे माझा," तो म्हणाला, "पण हे पहिल्यांदा बघतोय."

मित्रांनो, त्यानंतर ताईचा सत्कार झाला, वर्तमानपत्रात माझाही फोटो आला. पुढे नवी यंत्रे आली. ती आकाशातल्या उपग्रहांशी बोलतात, त्यांना हातात धरून चिखलात उभे राहावे लागत नाही. मी कपाटावर गेलो. एका बॅगेखाली दबून माझी कांडी वाकली. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण तिथे पडल्यापडल्या माझ्या मनात एकच गोष्ट यायची, तीच तुम्हाला सांगतो. मुक्या जिवांवर माया करणारी माणसे पुष्कळ आहेत. तुम्हीही करता. पण माया करताना थोडे त्यांच्या मागे चाला. ते कुठे जातात, कशासाठी जातात, ते समजून घ्या. न विचारता केलेली मदतही कधी कधी भिंत होते.

परवा ताईचा फोन वाजला. साहेब होता, त्याची बदली दूरच्या गावी झाली आहे.

"ताई, इथला ओढा सरळ करायचं काम माझ्याकडे आलंय. यंत्रं अजून मागवली नाहीत. त्याआधी तुम्ही येऊन बघता का, इथे कोण कोण राहतं ते?"

ताईने स्टूल ओढले, मला कपाटावरून खाली घेतले आणि फोन कानाशी तसाच धरून माझी वाकलेली कांडी गुडघ्यावर सरळ करत म्हणाली, "येते. गमबूट तुमचे तुम्ही आणा."