एक जनरेटर, दोन घरं

ए, मध्ये बोलू नकोस हं, आधी नुसतं ऐक. फोन आत्ता कुठे लागायला लागलेत, परत कधी जातील नेम नाही.

वादळाचं तुला माहीतच आहे, फोटो पाहिले असशील. मका आडवा. म्हणजे नजर जाईल तिथपर्यंत, इस्त्री फिरवल्यासारखा. आमची धान्याची पत्र्याची कोठी गडगडत थेट चर्चच्या आवारात. पण ते जाऊ दे. मका झोपला तर झोपला, तो ओरडत नाही. ओरडतात जनावरं. वीज गेली ती गेलीच, आणि वादळानंतर वारा असा मेला की झाडाचं पान हलेना. उरलीत कुठे झाडं म्हणा.

तर आमच्या रस्त्यावर ट्रॅक्टरला जोडून चालवायचा मोठा जनरेटर एकच, आमचा. तो डुकरांच्या शेडला लावलेला, कारण पंखे बंद पडले की डुकरं धापा टाकायला लागतात, या उन्हात तर लगेचच. बाबा वादळापासून धड झोपले नव्हते. दिवसभर करवतीनं पडलेली झाडं कापायची, मध्येच डिझेल घालायचं, परत झाडं. घरात फ्रीझरमधलं वितळलेलं मांस संपवायचं म्हणून तिन्ही त्रिकाळ चॉप्स. मला आता चॉप्सच्या वासानं मळमळतं.

पलीकडे व्हर्लिनकाकांच्या गाई. दुसऱ्याच दिवशी बाबा त्यांना विचारून आले होते, "जनरेटर लागेल का?" काका म्हणाले, "नाही रे, आमचं भागतंय. तू तुझी डुकरं बघ." बाबा परत आले. "त्यांचं भागतंय," म्हणाले आणि करवत उचलली.

आता तू मला सांग, आपल्याकडे पहिलं 'नाही' कोणी खरं धरतं का? पहिलं 'नाही' म्हणजे नुसती रीत. दुसरं 'नाही' म्हणजे अजून एकदा विचार. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस खरं बोलतो. व्हर्लिनकाकांची आर्डिसकाकू ॲपल पायचा तुकडासुद्धा तिसऱ्या आग्रहाला घेते! पण बाबा इतके दमलेले की एकदाच विचारून आले. माझ्याही डोक्यात आलं नाही.

काल दुपारी मी त्यांच्याकडे चॉप्स घेऊन गेले, आमच्याकडचे कोणीतरी संपवावेत म्हणून. तर फाटकापासूनच गाईंचं हंबरणं. गोठ्याचं अर्धं छप्पर गायब, आणि आत काका-काकू हातानं दूध काढतायत. हातानं गं! सगळा कळप! टँकर येत नाही म्हणून काढलेलं दूध सरळ नालीत. नुसतं गाईंच्या कासेला आराम पडावा म्हणून. काकूच्या बोटांना पट्ट्या, काकांची मूठ मिटेना. दोन गाईंची कास दगडासारखी, लाल, हात लावू देईनात.

मी म्हटलं, "काका, जनरेटर आणते."

"नको गं ब्रिन. आमचं भागतंय."

"काका, आणते ना."

"तुझ्या बापाची डुकरं आहेत, पोरी. नको."

"व्हर्लिनकाका, आणू का?"

ते गाईच्या पोटाला कपाळ टेकून बसले होते. मग म्हणाले, "एका धारेपुरता. दुधाची मशीन चालवून धारा झाल्या की लगेच घेऊन जा."

काकू तिकडून ओरडली, "आणि ते चॉप्स पण परत ने. आमच्याकडे दोन फ्रीझर वितळलेत!"

मी घरी आले. बाबा स्वयंपाकघरात टेबलावर डोकं टाकून झोपलेले, पायात बूट तसेच. दोनदा हाक मारली. हलले नाहीत. तिसऱ्यांदा मारलीच नाही. उठवलं असतं तर उठले असते, आणि 'नको' म्हणाले असते तर? शेडचा एका बाजूचा पडदा वादळानं नेलाच होता, दुसऱ्या बाजूचा मी पूर्ण उघडला. म्हटलं, जरा तरी हवा खेळेल. जनरेटर ट्रॅक्टरच्या मागे होताच, तारा सोडवल्या आणि निघाले.

रस्त्यात एक झाड आडवं पडलेलं, शेतातून वळसा, ट्रॅक्टर रुतला, निघाला. तिकडे मशीन चालू झाली आणि एकेक गाय गप्प होत गेली. गोठा इतका शांत झाला की काकू रडायलाच लागली. मला वाटलं होतं पटकन होईल. कुठलं पटकन!

परत आले तर बाबा शेडमध्ये. तलावातून बादल्या भरून डुकरांवर पाणी मारतायत. मागच्या कोपऱ्यातली बरीच गेली होती. बाबांनी ओढून दारापाशी लावली होती ओळीनं. मी तारा जोडल्या. पंखे फिरले.

मला वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, "दूध निघालं सगळ्यांचं?"

"हो. दोघींची कास बिघडलीय."

"त्यानं किती वेळा नको म्हटलं?"

"दोनदा."

ते उलट्या बादलीवर बसले. तोंडावरून हात फिरवला, तसा चिखल सगळीकडे पसरला. म्हणाले, "मी एकदाच विचारलं." मग मेलेल्या डुकरांकडे बघत बसले. मी म्हटलं, "बाबा, मी तुम्हाला उठवायला हवं होतं." तर म्हणाले, "उठवलं असतंस तर मी नेऊ दिला नसता." बस. ना रागावले, ना बरं केलंस म्हणाले.

आता धारांची वेळ परत झालीय. गाई काय, थांबतात थोड्याच. काका स्वतःहून मागायला यायचे नाहीत, मरतील पण येणार नाहीत. ऊन कालच्यासारखंच, वारा नाही. बाबांनी ट्रॅक्टरची दुसरी किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि झाडं कापायला गेले. इथून करवतीचा आवाज येतोय, आणि पलीकडून गाई. पंखे आत्ता चालू आहेत. खरं सांग, तू काय केलं असतंस?