कोंडाच्या पाड्याचं निमगरवं

भातांना एक, दोन, तीन असे आकडे द्यायची कल्पना रोशनीचीच होती, आणि आठ दिवस तरी ती तिला फार आवडली होती.

२००६ सालचा सप्टेंबर. वाशिंदची रोशनी संख्याशास्त्रात बी.एस्सी. करून शहापुरातल्या एका शेतकरी संघात नुकतीच कामाला लागली होती. संघानं त्या वर्षी ट्रॅक्टरवर चालणारं मळणी यंत्र घेतलं होतं. यंत्र एक आणि डोळखांबच्या डोंगरातले पाडे नऊ. कुठल्या पाड्यात यंत्र कधी न्यायचं हे ठरवायचं काम संघाचे अध्यक्ष सावळारामनाना यांनी तिच्यावर सोपवलं होतं.

काम दिसायला सोपं होतं. हळवं भात दसऱ्याच्या सुमाराला कापणीला येतं, निमगरवं दिवाळीच्या आसपास आणि गरवं चांगली थंडी पडल्यावर. संघाचा भगीरथ सायकल घेऊन पाड्यापाड्यांतून फिरला आणि प्रत्येक खाचरामागे एक फॉर्म भरून आणला. रोशनीनं हळव्याला एक, निमगरव्याला दोन आणि गरव्याला तीन असे आकडे दिले. शहापुरात दिवसातून आठ-आठ तास वीज जायची, त्यामुळे सकाळी दहा ते एक एवढ्याच वेळात संगणक चालायचा. तेवढ्यात तिनं तीनशे बारा ओळी भरल्या.

कॉलेजातल्या सरांनी तिला ‘आर’ नावाची संगणकभाषा एका सीडीवर दिली होती. खास संख्याशास्त्रासाठी केलेली आणि फुकट. त्यात तिनं प्रत्येक पाड्याची सरासरी काढायला सांगितली आणि नऊ पाड्यांचे नऊ ठिपके कागदावर उतरवले. एकाजवळचे पाडे दसऱ्याला, दोनाजवळचे दिवाळीला, तिनाजवळचे शेवटी. नानांनी चित्र बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि त्याच्या झेरॉक्स काढून वेळापत्रकासकट सगळ्या पाड्यांना पाठवून दिल्या. ट्रॅक्टरवाल्यालाही तारखा सांगून झाल्या.

पुढच्या मंगळवारी कोंडाच्या पाड्याहून सकुबाई आली. सकाळच्या एसटीनं उतरून थेट संघात. पन्नाशीची, सडसडीत, कमरेला कोयता तसाच. पदरात घडी करून ठेवलेली झेरॉक्स तिनं टेबलावर पसरली आणि बरोबर मधोमध, दोनाच्या रेघेवर बसलेल्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

“ह्यो आमचा पाडा का गो?”

रोशनी हो म्हणाली. तो ठिपका इतका नेमका दोनावर बसला होता की तिला त्याचं कौतुक वाटलं होतं.

“मंग यंत्र दिवाळीला येनार?”

“हो. तुमच्याकडे निमगरवं आहे ना.”

सकुबाईनं तिच्याकडे जरा दयेनं बघितलं. “आमच्या पाड्यात निमगरवा कोन लावतंय? माझ्या सासूनं नाय लावला, मी नाय लावला. वर माळावं हळवा, खाली ओहळाला गरवा. मधी नुस्ता कातळ हाय. कातळावं लावायचा का?”

कोपऱ्यात भगीरथ खोकला. खोकल्यात हसू होतं.

पुढचं सकुबाईनं उभ्याउभ्याच सांगितलं. हळवं पंधरा दिवसांत कापून होईल. भारे रचून उडवी घालतील. दिवाळीपर्यंत यंत्राची वाट बघत बसलं तर परतीचा पाऊस त्या उडवीवर पडेल आणि आतल्या दाण्याला मोड येतील. गेले दोन महिने पाड्यानं नाचणी आणि रानभाजीवर काढले होते, घराघरात पहिला नवा भात शिजतो तो ह्याच हळव्याचा. आणि ओहळाकाठचं गरवं दिवाळीला हिरवंच असणार. म्हणजे यंत्र आलं तरी मळणार काय?

रोशनीनं कोंडाच्या पाड्याचे फॉर्म काढले. बावीस खाचरं. अकरा हळव्याची, अकरा गरव्याची. अकरा वेळा एक, अकरा वेळा तीन. सरासरी दोन.  संगणकाला तिनं आकडे दिले, त्यानं ते आकडेच समजून बेरीज केली, भागाकार केला आणि पाड्यात कुणी कधी न पेरलेलं भात काढून दाखवलं. त्याचा काय दोष? हळवं अधिक गरवं भागिले दोन म्हणजे निमगरवं, असं तिनं स्वतःच त्याला शिकवलं होतं.

नाना चहा पिऊन आले तेव्हा तिनं चूक झाल्याचं सांगून टाकलं.  नाना म्हणाले की पाड्यात दोन फेऱ्या म्हणजे चढावर दोनदा डिझेल, आणि ट्रॅक्टरवाल्याची बोलणी झालेली. एका तक्रारीवर वेळापत्रक बदललं तर उद्या नऊही पाडे येऊन उभे राहतील. नानांना ती चूक कागदावर दिसायला हवी होती.

साडेबारा वाजले होते. वीज जायला अर्धा तास.

रोशनीनं कोंडाच्या पाड्याच्या बावीस ओळी वेगळ्या घेतल्या, त्यांतले आकडे काढून टाकले आणि त्या जागी नावं घातली. मग ही मोजमापं नाहीत, ही नुसती नावं आहेत, असं आरला बजावलं. त्यासाठी तिथे ‘फॅक्टर’ म्हणून एक सूचना असते. एकदा ती दिली की सरासरी मागितली तरी संगणक हात वर करतो. आता प्रत्येक नावाचा एक खांब आणि जितकी खाचरं तितकी खांबाची उंची. सकुबाई खुर्ची ओढून पडद्यापाशी येऊन बसली होती.

दोन खांब उमटले. सारख्याच उंचीचे, शेजारी शेजारी. इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं गरवं आधी आणि हळवं नंतर.

“बघ,” नाना म्हणाले, “दोन्ही चिकटून तर आहेत. आठवडा इकडं, आठवडा तिकडं. मधे एक फेरी टाकली की झालं.”

“नाना, चिकटून कुठं? दसरा नि थंडी चिकटून का?” सकुबाई म्हणाली.

नानांना मात्र पडद्यावर ते चिकटलेलेच दिसत होते. रोशनीच्या लक्षात आलं की चित्र अजूनही खोटं बोलतंय. पाड्यात निमगरव्याचा एकही फॉर्म नव्हता, म्हणून निमगरवं नावाचं काही असतं हेच संगणकाला ठाऊक नव्हतं. त्यानं मधली जागाच गिळून टाकली होती. आणि कुठलं भात आधी कापायचं हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं तिन्ही नावं क्रमानं लिहून दिली. हळवं, निमगरवं, गरवं. सापडो न सापडो, तिघांनाही जागा ठेव.

या वेळी डावीकडे एक खांब आला, उजवीकडे एक, आणि मधे नाव होतं पण खांब नव्हता. पांढरी मोकळी जागा. नानांनी त्या जागेवर बोट टेकवलं.

“इथं काय?”

“इथं काहीच नाही, नाना. तुमची एक फेरी इथं पडतेय.”

“म्हणजे दिवाळीला यंत्र जाणार...”

“कातळावं,” सकुबाई म्हणाली.

नाना आधी ओशाळले आणि मग मोठ्यानं हसले. वीज गेली तेव्हा ते ट्रॅक्टरवाल्याला फोन लावून, दोन फेऱ्या म्हणजे दोन फेऱ्या, आणि पहिली नवरात्रात, असं पुन्हापुन्हा समजावत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी रोशनीला बाकीच्या आठ पाड्यांची चित्रंही अशीच काढायला सांगितली. त्यात आणखी एका पाड्याची मधली जागा मोकळी निघाली.

नवरात्रात सातव्या दिवशी यंत्र कोंडाच्या पाड्यात चढलं. मागे ट्रॉलीत भगीरथाशेजारी रोशनी बसली होती. आपल्या कागदाचं पुढं काय होतं ते तिला बघायचं होतं. सकाळपासून भारे आत जात राहिले, एका बाजूनं पेंढा उडत राहिला, दुसरीकडून दाणा पडत राहिला. सकुबाई प्रत्येक घराचं पोतं बांधून होईपर्यंत यंत्रापाशी उभी होती. चारच्या सुमाराला डोंगरामागून ढग आले तेव्हा माळावर भिजायला फक्त पेंढा उरला होता.

उतरताना वाटेत ओहळाकाठी दोन्ही अंगांना भात उभं होतं. ट्रॅक्टरवाल्यानं वेग कमी करून मागे वळून विचारलं, हे राहिलं की काय.

“हे गरवं,” रोशनी म्हणाली. “अजून दोन महिने आहेत. चला.”

पाऊस सुरू झाला, आणि खाचरांतली हिरवी पाती वाऱ्यानं आडवी होऊन पुन्हा उभी राहिली.