माइकमधलं ‘बरं’

कंपनसरांना यातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून टाकू; म्हणजे पुढे कोणी उगाच हळवं व्हायला नको. गाद्यांचं दुकान बसल्यापासून या गृहस्थाकडे एक लांबलचक हॉल, न खपलेल्या गाद्यांचा ढीग आणि समोरच्याच्या तोंडून ‘घेतो’ वदवून घेणारी जीभ एवढंच उरलं होतं. त्यांनी गाद्या उसवल्या, आत फोन थरथरतो तसली यंत्रं बसवली, पुन्हा शिवल्या आणि पडून राहिलेल्या मालाचं ‘कंपनासन’ झालं. माल हलला, हॉल भरला. पूर्वी ज्यांना ‘बसून तर बघा’ म्हणत रस्त्यावरून ओढून आणावं लागे, ती माणसं आता बसायला मिळावं म्हणून दाराशी ताटकळू लागली. वर ‘सर’ ही पदवी फुकट. गादीवाल्याला कोणी सर म्हणत नाही.

मावशीला काय मिळणार होतं, हा हिशेब जरा नाजूक आहे. तो पुढे.

त्या संध्याकाळी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गुडघेवाले, कंबरवाले, रात्र रात्र छताकडे बघत पडणारे, सकाळी उठावंसंच न वाटणारे. जुनाट दुखणं मारत नाही आणि सोडतही नाही. सुरुवातीला सगळे विचारपूस करतात, मग विषय बदलतात, मग रस्ता बदलतात. अशा माणसांनी हॉल भरलेला, आणि समोर मंचावर पांढऱ्या शर्टातले कंपनसर.

“शरीर म्हणजे काय?” सर गरजले.

“कंपन!” हॉल गरजला.

“आजार म्हणजे काय?”

“चुकलेलं कंपन!”

“मग बरं कोण करतं?”

“कंपनसर!”

“छे छे, मी कुठला!” सर लाजले. लाजण्याची जागाही ठरलेली होती. “मी निमित्त. आणि हे मी नाही म्हणत, संशोधन म्हणतं!” मागच्या पडद्यावर एक जाड हिरवी रेघ वर वर चढत गेली. रेघ कशाची, किती माणसांची, किती दिवसांची, याचा कुठे पत्ता नव्हता. पण चढत होती, एवढं खरं.

दुसऱ्या रांगेत कडेला बसलेली एक बाई त्या रेघेकडे बघत हनुवटी खाजवत होती. ती डॉक्टर होती. सांध्यांचं जुनं दुखणं आणि त्याच्या पाठोपाठ घरात शिरणारी उदासी यांचा अभ्यास करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. अशी चढती रेघ एकदा तरी आपल्याही नशिबी यावी, असं तिला वाटे. तिच्या रेघा दोन पावलं चढत, एक उतरत, कधी जागच्या जागी बसून राहत.

ती इथे आली होती मावशीच्या फोनमुळे. “चिमणे, उद्या मला मंचावर बोलावणार आहेत. ये हं. आणि तो पांढरा कोट घालून नको येऊस, लोक बिचकतात.” तो कोट मावशीनेच शिवलेला. मावशी शिवणाच्या शाळेत आयुष्यभर काजं करायला शिकवायची. तिने हाताने केलेलं काज यंत्रालाही जमत नसे. आईविना राहिलेल्या भाचीला तिनेच वाढवलं, आणि मग त्याच बोटांच्या सांध्यांनी दगा दिला. भाचीने तिला चांगल्या डॉक्टरांकडे नेलं, पण आपल्या अभ्यासात घेतलं नाही. घरचं माणूस घ्यायचं नाही, असा तिथला दंडक. मावशी त्यावर फुरंगटायची. “साऱ्या जगाला विचारत फिरतेस आणि मला विचारायची तुला परवानगी नाही म्हणे!”

पहिले आले गुडघेवाले आजोबा. नातीने दंडाला धरून मंचावर चढवलं. सरांनी त्यांना थरथरत्या गादीवर बसवलं, माइक मांडीपाशी खाली धरला, वाकून हळूच काहीतरी सांगितलं आणि सपकन माइक आजोबांच्या तोंडासमोर नेला.

“बरं,” आजोबा म्हणाले.

“बरं!” चारही कोपऱ्यांतले कर्णे म्हणाले.

“ऐकलंत? काय म्हणाले?”

“बरं!” टाळ्यांचा नुसता पाऊस.

मग एका आईने आपल्या मुलीला आणलं. खोलीबाहेर न पडणारी, कोणाशी न बोलणारी, कॉलेज सोडून बसलेली पोर. पुन्हा माइक खाली, सर वाकले. या वेळी डॉक्टरने कान टवकारले आणि तिला ते स्पष्ट ऐकू आलं.

“डोळे मिटून बसायचं, बरं बाळ?”

माइक वर.

“बरं,” मुलगी पुटपुटली.

कर्णे दणाणले. आई ओक्साबोक्शी रडली. तिच्या शेजारच्या चार बायकाही रडल्या.

डॉक्टरला हसावं की ओरडावं कळेना. कारण हा शब्द तिचा जुना वैरी होता. मराठी माणसाचं ‘बरं’ म्हणजे एक अजब चीज. दुखणं गेलं तरी बरं. हुकूम ऐकला तरी बरं. चहा कसा झालाय? ‘बरा आहे’ म्हणजे पुन्हा देऊ नका. फोन ठेवायचा असला की ‘बरं, बरं’. तिच्या अभ्यासाच्या पहिल्या वर्षी सगळे रुग्ण ‘बरे’ निघाले होते. पुढे घरोघरी जाऊन पाहिलं तर कोणाला कपाचा कान धरता येत नव्हता. तेव्हापासून तिच्या विभागात हा शब्द उच्चारायला बंदी होती. तिथली माणसं विचारत, “आज सकाळी नळ कोणी उघडला? वेणी कोणी घातली? काल घराबाहेर किती वेळ होतात?” रुग्णांनी त्यांचं नावच ठेवलं होतं, नळवाले.

तेवढ्यात सरांनी पुकारा केला. “आणि आता, आपल्या सर्वांच्या लाडक्या, शिवणबाई!”

मावशी आली. अंगावर छान इस्तरीची साडी, वर शाल, दोन्ही हात शालीच्या आत. सर वाकले. माइक वर आला.

“बरं,” मावशी म्हणाली, आणि दुसऱ्या रांगेकडे बघून हसली. शाळेत बक्षीस मिळालेलं पोर आईकडे बघतं, तशी.

डॉक्टर उठून मंचावर गेली.

“सर, एक विनंती. तुमचा प्रश्नपण जरा माइकमध्ये विचारा ना.”

“कोणता प्रश्न, ताई?”

“माइक खाली धरून विचारता तो. आम्हाला उत्तर ऐकू येतं, प्रश्न पोटात राहतो.”

हॉलमध्ये खसखस पिकली. सर गोड हसले. “आपण कोण?”

“डॉक्टर. या आजारांवर संशोधन करते.”

“अरे वा! म्हणजे आपण बहीणभाऊच की!”

“मग बहिणीचा हट्ट पुरवा. द्या तो माइक.”

इतक्या लोकांसमोर नाही म्हणता येईना. तिने माइक घेतला आणि आजोबांसमोर बसली.

“आजोबा, मी विचारीन त्याचं खरं उत्तर द्यायचं, बरं?” हे ती माइक खाली धरून म्हणाली. मग माइक वर.

“बरं.”

“बरं!” कर्णे ओरडले.

“बघा,” ती हॉलला म्हणाली, “मीही केले बरे. माझ्याकडे तर गादीसुद्धा नाही.”

आता हॉल खदखदून हसला. आजोबाही हसले.

“आजोबा, आता प्रश्न सगळ्यांना ऐकू जाईल असा. मंचाच्या पायऱ्या कशा चढलात?”

“नातीने चढवलं. ती नसती तर खालीच होतो.”

“आणि गादीवरून उठल्यावर?”

“उठलोय कुठे अजून? ती येईल तेव्हा उठेन.”

“मग बरं का म्हणालात?”

“ते म्हणाले, ताठ बसायचं, बरं? मी म्हटलं, बरं. मग एवढ्या टाळ्या पडल्या. त्यानंतर ‘नाही हो’ कसं म्हणायचं? वाईट दिसतं ते.”

चमत्कार तो एवढाच होता. गादीत काही नव्हतं, पडद्यावर काही नव्हतं. जे होतं ते आपल्या जिभेच्या वळणात होतं, आणि गादीवाल्याला ते ठाऊक होतं.

गोष्ट इथे संपली असती तर डॉक्टर जिंकली असती. पण सर कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी माइक परत घेतला. आवाज दुखावलेला.

“ठीक आहे. मी शब्द चोरला. पण ही माणसं हसली की नाही? ताईंच्या दवाखान्यातून हसत किती बाहेर पडतात, विचारा त्यांना.”

“बरोबर आहे!” मागून एक जाडा आवाज आला. “किती वर्षं तुमच्या गोळ्या खातोय, बाई. अजून दुखतंय!”

“दुखत असेल,” डॉक्टर म्हणाली. “गोळ्यांनी सांध्यांची झीज रोखता येते. आजार मुळासकट जाईल, असं औषध आज माझ्याकडे नाही. शोध चाललाय.”

“कधी सापडणार?”

“सांगता येत नाही.”

त्या संध्याकाळी त्या मंचावरून बोललं गेलेलं हे सर्वांत खरं वाक्य. टाळी फक्त त्यालाच पडली नाही. काही जण उठून गेले, बरेच बसून राहिले. सरांनी घसा खाकरला, “शंका म्हणजे काय?” आणि अर्धा हॉल म्हणाला, “चुकलेलं कंपन!” डॉक्टर उभीच होती.

“चल गं,” मावशी तिच्या कानाशी म्हणाली. “लोक बघताहेत.”

बाहेरच्या जिन्यावर दिव्याखाली दोघी थांबल्या. मावशीची शाल खांद्यावरून घसरली. ती सावरायला तिने हात बाहेर काढले, आणि भाचीने ते पाहिले. उजव्या हाताची बोटं एका बाजूला कलली होती, वाऱ्याने झुकलेल्या रोपांसारखी. मधले सांधे सुजून लाल.

“गोळ्या कधी सोडल्यास?”

“सर म्हणाले, गोळ्यांनी कंपनाला अडथळा होतो.”

“नुसत्या सांध्यांच्या? की उदासीवरच्यापण?”

“सगळ्याच. आणि खरं सांगते, सोडल्या तरी सुरुवातीला काही झालं नाही. म्हटलं, लागू पडलं.”

“मावशे, गोळ्यांचा अंमल आठवडे आठवडे टिकतो अंगात. तो होता. गादीचं काही नव्हतं त्यात.”

“हे मला कोण सांगणार होतं?”

“मी रोज फोन करत होते की!”

“करत होतीस. गाडी चालवता चालवता. ‘कशी आहेस?’ मी म्हणायचे, बरी आहे. तू म्हणायचीस, बरं. झालं.”

डॉक्टरने घसरलेल्या शालीचं टोक उचलून मावशीच्या खांद्यावर नीट केलं.

“येते म्हणालीस तेव्हा मी सांगितलं, घर रंगवायला काढलंय. तू त्यालापण बरं म्हणालीस.” मावशीच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. “सकाळी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे गं. शाळेतल्या पोरी यायच्या बंद झाल्या. काज करता येईना तर शिवणबाई कसली. इथे यायचे तर कोणीतरी नावाने हाक मारायचं. पुढच्या रांगेत बसवायचं. टाळ्या वाजवायचं. हात शालीत ठेवले की झालं.”

हा तो नाजूक हिशेब. मावशी भोळी नव्हती. गादी हलते ती यंत्राने, हे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. जन्मभर शिवणयंत्र चालवलेली बाई ती. तिला विचारपूस हवी होती, आणि ती गावात एकाच ठिकाणी मिळत होती.

आता कंपनाची सगळी कळ उघड सांगायची तर ती अशी. जुनं दुखणं भरती-ओहोटीसारखं चालतं, आणि माणूस अशा दाराशी जातो तो अगदी असह्य झालेल्या दिवशी. त्यानंतरचा दिवस बहुधा जरा हलकाच असतो. त्याचं श्रेय जो शेजारी उभा असेल तो घेतो. ज्यांना हलकं वाटत नाही ते पुन्हा येत नाहीत, म्हणून हॉलमध्ये कायम ‘बरे’च दिसतात. सोडलेल्या औषधाचा उरलेला अंमल नव्या चमत्काराच्या नावावर जमा होतो. आणि बाकीचं काम एक भिडस्त शब्द करतो. खरं संशोधन कूर्मगतीने चालतं, कारण ते न आलेल्यांनाही शोधत जातं आणि त्यांच्या नळापाशी उभं राहतं.

म्हणून एवढंच सांगणं. जिथे उत्तर ऐकू येतं आणि प्रश्न येत नाही, तिथे प्रश्न मोठ्याने विचारायला लावा. कोणाच्याही सांगण्यावरून चालू औषध परस्पर सोडू नका. आणि घरातल्या आजाऱ्याला ‘बरं आहे ना?’ विचारून मोकळे होऊ नका. आज नळ कोणी उघडला ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा. हे आपण केलं नाही, तर ते करायला गादीवाले तयारच आहेत.

राहता राहिला जमाखर्च. त्या संध्याकाळची गोष्ट गावभर झाली आणि कंपनसरांचा हॉल ओस पडला. पलीकडच्या गावात याहून मोठा मिळाला. आजोबा नातीच्या आधाराने चालायचे, तसेच अजून चालतात. त्या मुलीची आई तिला दवाखान्यात घेऊन आली, आणि तिथे पहिल्यांदाच ती मुलगी ‘बरं नाही’ म्हणाली. ही जमेची बाजू म्हणायची. डॉक्टरची रेघ अजून दोन पावलं चढते आणि एक उतरते. मावशीच्या गोळ्या सुरू झाल्या, सूज ओसरली, सकाळी ती उठून बसते. पण सांध्यांमधलं जे झिजलं ते परत येत नाही, हे तिला तिच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा भाची शेजारी बसली होती.

गेल्या आठवड्यात डॉक्टरच्या कोटाचं वरचं काज उसवलं. मावशीने कोट मांडीवर घेतला, सुई उचलली, दोरा ओवायला गेली, पुन्हा गेली, आणि सुई भाचीच्या हातात दिली.

“तू ओव,” ती म्हणाली. “मी सांगते तसं.”

या साऱ्या ‘बरं’ची किंमत कोणी भरली, ते त्या काजात दिसतं. ते भाचीच्या हातचं आहे, वाकडं झालंय.